पडद्यावरची जोडी: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : आवडत्या मालिकेतल्या दोघांनी शेवटी एकदाची प्रेमाची कबुली दिली आणि तिथून पुढे मालिका बघवेना. मैत्रीण म्हणते, हे व्हायचंच होतं, जोडी जमली की मालिका संपली. असा खरंच काही नियम आहे का?

नियम नाही, समजूत आहे. ती कुठून आली तेही सांगता येतं. ‘मूनलायटिंग’ ही अमेरिकन मालिका १९८५ ते १९८९ या काळात चालली. एक गुप्तहेर संस्था, ती चालवणारे मॅडी आणि डेव्हिड आणि दोघांची अखंड जुगलबंदी. मार्च १९८७मध्ये दोघं एकत्र आले, पुढे मालिकेची लोकप्रियता ओसरली आणि ‘जोडी जमवायची नाही’ हा धडा पुढच्या कित्येक लेखकांनी पाठ केला. पण पडद्यामागे त्या वर्षी काय चाललं होतं ते बघा. मॅडीचं काम करणाऱ्या सिबिल शेफर्ड गरोदर होत्या. डेव्हिडचं काम करणारे ब्रूस विलिस ‘डाय हार्ड’ या चित्रपटाच्या चित्रीकरणात अडकले होते. १९८८मध्ये लेखकांचा संप झाला. चौथ्या पर्वात मॅडी बराच काळ आईवडिलांकडे शिकागोला आणि डेव्हिड तिकडे ऑफिसात. जमलेली जोडी प्रेक्षकांना एकत्र बघायलाच मिळाली नाही, मग तिचा कंटाळा आला असं कसं म्हणायचं?

उलट दाखले भक्कम आहेत. ‘चिअर्स’ या अमेरिकन विनोदी मालिकेतले सॅम आणि डायअ‍ॅन पहिल्या पर्वाच्या शेवटीच एकत्र आले, दुसऱ्याच्या शेवटी फुटले. मालिका त्यानंतर वाढतच गेली आणि १९९३पर्यंत चालली. ‘फ्रेंड्स’मधली मोनिका आणि चँडलर ही जोडी मे १९९८मध्ये, चौथ्या पर्वाच्या अखेरीस जमली. लेखकांच्या मनात ते प्रकरण थोडक्यात आटपायचं होतं, पण स्टुडिओतल्या प्रेक्षकांनी त्या प्रसंगाला इतका गजर केला की बेत बदलला. पुढची सहा वर्षं ती जोडी कायम राहिली आणि त्या दोघांमुळे मालिका कुठे अडली नाही.

मग तुमची मालिका का अडली? बहुतेक वेळा कारण एकच असतं: दोघांमधला अडथळा हेच कथेचं एकमेव इंजिन होतं. कबुलीनंतरचे पहिले पाच-सहा भाग पुन्हा बघा. आधी ज्या मुद्द्यावर दोघांचं वाजायचं, तो मुद्दा शिल्लक आहे का? ती शिस्तीची, तो मनमानी कारभाराचा, आणि कबुलीनंतर दोघांचं सगळ्यावर एकमत होत असेल तर लेखकांनी माणसंच बदलून टाकली आहेत. नवं संकट कुठून येतंय तेही पाहा. जुनी प्रेयसी परतली, अपघात झाला, स्मृती गेली, हे सगळं बाहेरून आणलेलं. मूल हवं की नको, बदलीच्या गावी कोणी जायचं, कमाईचा हिशोब एकत्र ठेवायचा की वेगळा, हे त्याच दोन स्वभावांतून निघालेलं. बाहेरून आणलेलं संकट दर पंधरा दिवसांनी नवं लागतं, आणि तुम्हाला जाणवला तो थकवा तिथला आहे.

प्रश्न : दोघंही कसलेले कलाकार, पण एका प्रसंगात आले की थंडगार. आणि बेताचा अभिनय करणारे कुणी दोघं मात्र पडदा पेटवतात. ही ‘केमिस्ट्री’ ओळखायची कशी?

मोजता येत नाही, पण बोट ठेवून दाखवता मात्र येते. दोघांचा तीन-चार मिनिटांचा एखादा प्रसंग निवडा. प्रेमाचा नको, साध्या बोलण्याचा घ्या: बस चुकली आहे, किल्ली सापडत नाही, असला काहीतरी. आवाज बंद करा. पार्श्वसंगीत गेलं की निम्मी भुरळ उतरते आणि उरतं ते कलाकारांचं स्वतःचं. आता बोलणाऱ्याला सोडा, ऐकणाऱ्यावर नजर ठेवा. जमलेल्या जोडीत ऐकणाऱ्याचा चेहरा समोरचं वाक्य संपायच्या आधीच बदलू लागतो. एखाद्या शब्दावर भुवई किंचित उचलली जाते, ओठ उघडून पुन्हा मिटतात, नजर समोरच्याच्या हाताकडे जाऊन परत डोळ्यांकडे येते. न जमलेल्या जोडीत ऐकणारा आपली पाळी यायची वाट बघत उभा असतो.

दुसऱ्यांदा बघताना आवाज चालू करा आणि वाक्यांमधल्या जागा ऐका. प्रत्येक उत्तर सारख्याच अंतराने येत असेल तर ते पाठांतर. कधी वाक्यावर वाक्य चढतं, कधी उत्तर नको इतकं लांबतं, तेव्हा दोघं खरोखर एकमेकांचं ऐकतायत.

मग कॅमेरा. दोघं एकाच चौकटीत, म्हणजे टू-शॉटमध्ये, न तोडता किती वेळ दिसतात? हे महत्त्वाचं आहे, कारण सुट्या क्लोज-अपचे तुकडे जोडून रचलेला प्रसंग फसवा असू शकतो. एकाचा क्लोज-अप चालू असताना दुसरा कलाकार समोर असेलच असं नाही. सहायक त्याचे संवाद वाचतो, नजर कुठे ठेवायची त्याची खूण कॅमेऱ्याशेजारी लावलेली असते. अशा वेळी दोघांमधली लय संकलनाच्या टेबलावर तयार होते. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशॉव्ह यांनी शंभर वर्षांपूर्वी हे दाखवून दिलं होतं: एकाच निर्विकार चेहऱ्यापुढे एकदा सूपचा वाडगा, एकदा शवपेटी, एकदा स्त्री जोडली, तर तोच चेहरा भुकेला, दुःखी आणि आसक्त भासतो. त्यामुळे भेदक नजरेचं श्रेय नेहमीच कलाकाराचं नसतं, पुष्कळदा ते संकलकाचं असतं. एका चौकटीतला लांब टू-शॉट मात्र दोघांनाच पेलावा लागतो.

एक दुरुस्ती इथेच करून ठेवायला हवी. दैनंदिन मालिकांमध्ये एकाच वेळी अनेक कॅमेरे लावतात, तेव्हा क्लोज-अपमध्येसुद्धा दोघं समोरासमोर असतात. तिथे ‘किती वेळा तोडलं’ हा निकष लावू नका, ऐकणाऱ्याचा चेहरा पुरे.

कसलेले कलाकार थंड का पडतात याचं माझ्या मते सर्वांत सामान्य कारण म्हणजे दोघंही आपापली भावना संपूर्ण साकारतात, समोरच्याने भरायला जागाच ठेवत नाहीत. हे आधी कळावं म्हणून निवडीच्या वेळी दोघांना एकत्र बसवून प्रसंग वाचून घेतात. जिथे आधी ताऱ्यांच्या तारखा मिळवतात आणि मग जोडी ठरते, तिथे नेमकी हीच पायरी गळते आणि ते पडद्यावर दिसतं.

प्रश्न : त्रिकोणी प्रेमकथेत मला दरवेळी हरणाराच आवडतो. माझं काही चुकतंय का?

अजिबात नाही, लेखनाची रचनाच तशी असते. मुख्य नायकाला कथेभर बदलायचं असतं, म्हणून सुरुवातीला त्याला तुसडा, अहंकारी किंवा भित्रा ठेवतात. दुसऱ्याला बदलायचं नसतं, त्यामुळे तो पहिल्या भागापासून समजूतदार, वेळेवर येणारा, छत्री धरणारा. पहिल्याच्या चुका तुम्ही अर्धी मालिका पाहता, दुसऱ्याचा चांगुलपणा पूर्ण मालिका. पारडं तिकडे झुकणारच.

पण एक गोष्ट तपासा. नायिका त्याच्याशी कशी वागते? चांगल्या त्रिकोणात ती एकासमोर वेगळी आणि दुसऱ्यासमोर वेगळी दिसते, आणि तिला कोणती ‘ती’ व्हायचं आहे हा खरा प्रश्न असतो. दोघांसमोर ती सारखीच वागत असेल तर त्रिकोण नुसता भाग वाढवायला घातला आहे.

प्रश्न : गैरसमज इतके ताणतात की डोकं उठतं. एक फोन केला तर मिटेल! गैरसमजाशिवाय प्रेमकथा लिहिताच येत नाही का?

येते. पण गैरसमज हाही काही वाईट माल नव्हे, तो कशाचा बनवला आहे ते बघायचं. तुमची ‘एक फोन’वाली कसोटी अगदी बरोबर आहे. तिच्या पुढचा प्रश्न असा: तो फोन न करण्यामागे त्या माणसाचा स्वभाव आहे की लेखकाची सोय? मोबाइलची बॅटरी संपली, चिठ्ठी उडाली, दाराआडून अर्धंच वाक्य ऐकू आलं, ही सोय. लहानपणापासून ‘काही मागायचं नाही’ असंच शिकलेली मुलगी विचारायलाच धजत नाही, हा स्वभाव. दुसऱ्या प्रकारात आपण चिडतो, पण तिच्यावर, आणि ते चिडणंही कथेत गुंतणंच असतं.

जेन ऑस्टेनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ या कादंबरीच्या गोष्टीचे इतके पडद्यावतार झाले (बीबीसीची १९९५ची सहा भागांची मालिका आणि २००५चा चित्रपट हे त्यातले सर्वाधिक पाहिले गेलेले), त्यामागे हे एक कारण आहे. नायक डार्सीचं नायिका एलिझाबेथला लिहिलेलं पत्र साधारण मध्यावर येतं आणि मोठा गैरसमज तिथेच फिटतो. उरलेल्या अर्ध्यात एलिझाबेथला स्वतःचा उतावळा न्याय पचवायचा असतो, आणि त्याला आपला तोरा. खरी माहिती मिळाल्यावरही दोघं लगेच जवळ येऊ शकत नाहीत, म्हणून कथा ताणलेली वाटत नाही. तुमच्या मालिकेला हेच विचारून बघा: सत्य उद्या कळलं तर परवा काय दाखवणार? उत्तर ‘लग्न’ एवढंच असेल तर सत्य अजून दोनशे भाग कळत नाही.

रोजच्या मालिकेचं गणितही लक्षात घ्या. अर्ध्या तासाच्या वेळेत जाहिराती वजा जाता साधारण बावीस मिनिटं उरतात, आठवड्याला पाच-सहा भाग द्यायचे असतात आणि प्रत्येकाच्या शेवटी प्रेक्षक उद्या परत येईल असं काहीतरी ठेवायचं असतं. या गतीने स्वभावातून अडथळे उगवायला वेळच मिळत नाही. सोळा भागांत शेवट ठरलेल्या कोरियन मालिका या बाबतीत उजव्या ठरतात ते मर्यादेमुळे.

प्रश्न : लेखकाने कुठेही म्हटलेलं नाही, तरी दोन पात्रांमध्ये प्रेम आहे असं मला ठाम वाटतं. बाकीचे म्हणतात, तुझ्या मनाचे खेळ.

मनाचे खेळ म्हणून झटकून टाकायची ही गोष्ट नाही. असं वाचायची सवय पडद्यानेच लावली आहे. हॉलिवूडमध्ये १९३४पासून १९६८पर्यंत हेज कोड नावाची नियमावली सक्तीने लागू होती. काय दाखवायचं नाही याची यादीच. समलिंगी आकर्षण त्यात पूर्ण वर्ज्य, विवाहितांच्या शयनगृहातही दोन सुटे पलंग. मग दिग्दर्शक सुचवायला शिकले आणि प्रेक्षक हेरायला. हिचकॉकचा ‘नटोरियस’ (१९४६) घ्या. लांब चुंबन चालणार नव्हतं, म्हणून कॅरी ग्रँट आणि इन्ग्रिड बर्गमन एकमेकांना बिलगून, मध्ये मध्ये थांबत, जेवणाबद्दल पुटपुटत गच्चीतून टेलिफोनपर्यंत आणि तिथून दारापर्यंत जातात. चुंबन एकेकटं छोटं, प्रसंग मात्र अडीच मिनिटांच्या आसपास. नियम पाळला गेला आणि जवळीक उलट वाढली. वाँग कार-वाय यांच्या ‘इन द मूड फॉर लव्ह’मध्ये (२०००) शेजारच्या दोन विवाहितांचे जोडीदार बाहेर प्रकरण करत असतात, आणि त्या जोडीदारांचे चेहरे आपल्याला कधीच दाखवत नाहीत. जे झाकलंय त्यावरून आपण उरलेल्या दोघांकडे बघतो.

१९७०च्या दशकात ‘स्टार ट्रेक’ या अंतराळ-मालिकेच्या चाहत्यांनी, त्यातही मुख्यत्वे स्त्रियांनी, कर्क आणि स्पॉक या तिच्यातल्या दोन नायकांमधल्या प्रेमाच्या कथा लिहून हाताने छापलेल्या अंकांतून वाटल्या. मालिकेत तसं काही म्हटलेलं नव्हतं, पण जिवावर उदार होऊन एकमेकांना वाचवणं, शब्दावाचून समजणं, हे पडद्यावर होतंच.

फक्त पुरावे एका तराजूत टाकू नका. सर्वांत वजनदार म्हणजे पात्राचा निर्णय: दुसऱ्यासाठी त्याने काय गमावलं. त्याखाली कॅमेऱ्याची निवड: समूहात दहा माणसं असताना कुणाच्या चेहऱ्यावर तो परत परत जातो. त्याखाली संवाद, कारण माणसं खोटं बोलतात. आणि तळाला कलाकारांच्या मुलाखती, समारंभातले फोटो, प्रसिद्धीचे व्हिडिओ. हे तळाचं तर पुराव्यात धरूच नये. दोन कलाकारांच्या खऱ्या आयुष्याबद्दल तर्क लढवणं हा वेगळाच उद्योग आहे आणि तो त्यांच्या डोक्याला ताप होतो. पात्रांपुरतं राहा.

प्रश्न : ‘इंटिमसी कोऑर्डिनेटर’ असं श्रेयनामावलीत दिसतं. या व्यक्तीचं काम काय? त्यामुळे प्रेमप्रसंग यांत्रिक होत नाहीत का?

मारामारीच्या दृश्याला जसा फाइट मास्टर, तसा शारीरिक जवळिकीच्या दृश्याला हा तज्ज्ञ. एचबीओ या अमेरिकन वाहिनीने २०१८मध्ये ‘द ड्यूस’ या मालिकेपासून ही पद्धत सुरू केली आणि मग आपल्या सगळ्या मालिकांना लागू केली. अमेरिकेतल्या कलाकारांच्या संघटनेने २०२०मध्ये त्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली.

काम संहितेपासून सुरू होतं. ‘दोघं बिछान्यावर कोसळतात’ एवढंच लिहिलेलं असलं तर दिग्दर्शकाकडून नेमकं काय दिसणार ते काढून घ्यायचं: कपडे किती, स्पर्श कुठे, कॅमेरा कुठून. मग प्रत्येक कलाकाराशी स्वतंत्र बोलायचं, समोरासमोर नाही, कारण सहकलाकारापुढे ‘नको’ म्हणणं अवघड जातं. जे ठरेल ते लेखी. चित्रीकरणाच्या दिवशी सेट बंद, म्हणजे त्या दृश्याला लागणारीच माणसं आत. त्वचेच्या रंगाचे झाकणारे कपडे आणि दोघांच्या मध्ये राहील असं पातळ पॅडिंग. हालचाली टप्प्याटप्प्याने बसवलेल्या: हात खांद्यावर, थांबा, नजर, मग मान. ऐन वेळी कुणी माघार घेतली तर ती मान्य करायची.

यांत्रिक होण्याची भीती मला पटत नाही. पुढचा हात कुठे येणार हे ठाऊक असलं की कलाकाराचं लक्ष स्वतःला सांभाळण्यात जात नाही, ते पात्रावर राहतं. तुम्हाला कोरडा वाटलेला प्रसंग पुन्हा बघा आणि एवढंच शोधा: प्रसंगाआधी आणि नंतर दोघांमध्ये काही बदललं का? न बदलता संपला असेल तर दोष संहितेत आहे.

प्रश्न : तो मागे लागतो, ती नाही म्हणते, तो आणखी मागे लागतो, शेवटी ती हसते. यावर बोललं की ‘अरे, कथा आहे ती’ असं ऐकावं लागतं. मुद्दा मांडायचा कसा?

‘असं दाखवूच नये’ असं म्हणून सुरुवात केलीत की वाद तिथेच अडकतो. पडद्यावर खूनही दाखवतात. मुद्दा, दिग्दर्शक कुणाच्या बाजूला उभा आहे हा आहे, आणि तो दाखवता येतो. तो तिचा पाठलाग करतो तेव्हा संगीत कोणतं? हलकंफुलकं गाणं वाजत असेल तर तिची भीती आपल्यापर्यंत पोचूच नये अशी सोय केली आहे. कॅमेरा त्याच्या मागून तिच्याकडे बघतो की तिच्या चेहऱ्यावर थांबून मागे येणारी पावलं ऐकवतो? ‘नाही’नंतर तो काय करतो: थांबून वाट बघतो, की दारात, ऑफिसात, मैत्रिणीच्या लग्नात उगवतो? नकार द्यायची तिला मोकळीक आहे का, की तो तिचा वरिष्ठ आहे किंवा घरमालकाचा मुलगा आहे? आणि सर्वांत बोलकं: तिचा विचार कोणत्या प्रसंगात बदलला? तो प्रसंग शोधून सापडत नसेल, नकारातून थेट गाण्यात उडी असेल, तर तिच्या होकाराचं कारण लेखकाने लिहिलेलंच नाही. एवढं दाखवलंत की ‘कथा आहे’ हे उत्तर पुरत नाही, कारण तुम्ही कथेतलंच भोक दाखवलेलं असतं.

आणि हे सगळं नायिकेच्या ‘पाठपुराव्या’लाही लावा. ती विनोदी म्हणून खपवली जाते, निकष तेच.

प्रश्न : आमच्या गटात वाद आहे. दोघं शेवटी वेगळे होतात अशा चित्रपटाला प्रेमकथा म्हणायचं का?

म्हणायचं. प्रेम हा कथेचा मुख्य प्रश्न असला की झालं, उत्तर काहीही असो. सुखान्त हवाच असा आग्रह रोमँटिक कॉमेडीपुरता रास्त आहे, कारण ती पहिल्या दहा मिनिटांतच तसं वचन देते आणि ते मोडलं तर प्रेक्षकाला फसवल्यासारखं वाटतं. गटातला वाद मिटवायचा असेल तर रिचर्ड लिंकलेटर यांचे तीन ‘बिफोर’ चित्रपट ओळीने बघा: १९९५, २००४ आणि २०१३. पात्रं तीच, कलाकार तेच, दर वेळी नऊ वर्षांनी मोठे झालेले. पहिला निरोपावर संपतो, दुसरा निरोप घेतील की नाही इथे थांबतो आणि तिसऱ्यात, जुळ्या मुली झाल्यावर, हॉटेलच्या खोलीत दोघं जीव खाऊन भांडतात. तिन्हींच्या मध्ये आठवड्याभराचं अंतर ठेवा, एका दिवसात उरकू नका. प्रत्येकानंतर गटातल्या प्रत्येकाकडून ‘हे दोघं पुढे एकत्र राहतील का, आणि कोणत्या प्रसंगावरून असं वाटतं’ याचं उत्तर कागदावर लिहून घ्या. पुढचा चित्रपट बघितल्यावर मगच ते कागद उघडा.